शाळेची गाडी आणि देवळाची ओवरी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात, दुसऱ्या दिवशी रात्री कीर्तनापूर्वी सभामंडपात केलेले भाषण.)



मी वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. दुसऱ्यांनी बोललेले टिपून घेणे हा माझा धंदा. समितीचे इतिवृत्त मी लिहितो, म्हणून अध्यक्षांनी आग्रह केला की, देवळाचा इतिहास गुरवबुवांनी सांगितला, जमाखर्च खजिनदारांनी वाचला, आता तुम्हीही चार शब्द बोला. विषय कोणता, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "मी एस. टी. वर बोलतो." मंडळी हसली. कलशारोहणाच्या मांडवात एस. टी. चे काय काम, असे कोणालाही वाटेल.

परंतु आपण विचार करावा. आपल्या गावाला स्टँड नाही. तिकिटावर आपल्या गावाचे नाव छापून येते, पण गाडी थांबते ती देवळापुढे, पिंपळाखाली. गाडीची वाट पाहायची ती देवळाच्या ओवरीत. निरोप द्यायचा तो दीपमाळेजवळ. माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाने पहिला पास खिशात घालून देवाला नमस्कार केला तो ह्याच पायरीवर. तेव्हा देवळाचा इतिहास सांगताना गाडीचा सोडला, तर तो निम्माच राहील.

आपला जिल्हा एस. टी. चे माहेर आहे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, म्हणजे आपल्या फाट्यावरूनच गेली. तेव्हा मुंबई प्रांत होता. आरंभी ३० बेडफर्ड गाड्या होत्या. सांगाडा लाकडी, बैठका काथ्याच्या, रंग निळा आणि वरून चंदेरी. लाल रंग आणि ॲल्युमिनियमचे अंग पुढे १९६० च्या सुमारास आले. माझे आजोबा सांगत की, फाट्यावर बैलगाडी सोडून ते त्या निळ्या गाडीकडे बघत बसत. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी असत. मोटार भरली की निघणार, नाही भरली तर नाही निघणार. माणूस पहाटे जाऊन फाट्यावर बसे आणि कधी दुपारी परत येई. आजोबा म्हणत, "नवल गाडीचं नव्हतं रे. नवल याचं की, ती रिकामी असली तरी वेळेवर निघायची."

हे वाक्य मला कारकुनीला लागल्यावर समजले. रिकामी असली तरी वेळेवर निघायची! भरेल तेव्हा निघणारी मोटार व्यापाऱ्याच्या उपयोगाची, शाळेतल्या पोराच्या उपयोगाची नाही. शाळेची घंटा ठरल्या वेळेला होते, तेव्हा गाडीही ठरल्या वेळेलाच लागते.

१९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला आणि राज्य परिवहनाचे महामंडळ झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याला आजचे नाव मिळाले. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे त्याचे ब्रीद. गाव तेथे रस्ता आणि रस्ता तेथे एस. टी., असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण या घोषणेत आधी रस्ता आहे आणि मग एस. टी. आहे. आपल्या गावाचे घोडे इतकी वर्षे अडले होते ते रस्त्यापाशी.

आपला फाट्यापर्यंतचा रस्ता झाला तो १९७२ च्या दुष्काळात. येथे बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी आणि म्हाताऱ्या आयांनी त्या उन्हात खडी फोडली आहे. माझी आई नवी नवरी होती. तीही त्या कामावर होती. हाताला फोड आले की ती चिंधी बांधे आणि पुन्हा हातोडा उचले. त्याच काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना काढली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. आपल्या गावाला दुष्काळाने धान्य दिले नाही, पण रस्ता दिला. आज त्यावर डांबर आहे. पण डांबराखाली जी खडी आहे, ती आपल्या आयांच्या हातची आहे, हे गाडीत बसताना कधी आठवावे.

रस्ता झाला, तरी मध्ये ओढा होता. ओढ्याला फरशी नव्हती. पावसाळ्यात चार महिने गाडी येणे शक्य नाही आणि बाकी आठ महिन्यांसाठी नवी फेरी कोण सुरू करणार? म्हणून गाडी वीस वर्षे फाट्यावरूनच जात राहिली, आणि गाव तिचा हॉर्न लांबून ऐकत राहिले.

आता शाळेचे सांगतो. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे बाजाराच्या गावाला हायस्कूल, अंतर सात किलोमीटर. पूर्वीच्या काळी अंतरावर उपाय एकच असे, तो म्हणजे मुलाने शाळेच्या गावी जाऊन राहणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग काढले, ते उगाच नव्हे. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला शाळेपाशी राहायला आणि जेवायला जागा दिल्याशिवाय तो शिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या गावचे जे पहिले चार-दोन मास्तर झाले, ते असेच बोर्डिंगात किंवा मामाच्या घरी राहून झाले. ज्याला मामा नव्हता आणि बोर्डिंगात जागा मिळाली नाही, तो गुरे राखायला गेला.

हे मुलांचे झाले. मुलींचे मी माझ्या घरातले सांगतो.

आमची अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. सातवीला ती वर्गात पहिली आली. गुरुजी स्वतः घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीला आठवीत घाला." वडील शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते. ते म्हणाले, "गुरुजी, घालतो. पण ती जाणार कशी? मधे ओढा आहे, बाभळीचं रान आहे, हिवाळ्यात येताना अंधार पडतो. बरोबर दुसरी पोरगी नाही." गुरुजी गप्प बसले, कारण याला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. अक्काने पुस्तके कापडात बांधून माळ्यावर ठेवली. तीन वर्षांनी मी माळ्यावरून पाट्या काढायला गेलो तेव्हा ते गाठोडे मला सापडले. गाठ तशीच होती.

पुढे मी त्याच हायस्कुलात गेलो. मी मुलगा, म्हणून चालत गेलो. आठवीचे सगळे वर्ष मी आणि आणखी चार पोरे, हातात चपला घेऊन ओढा ओलांडायचो. मला अक्कापेक्षा कमी मार्क असत. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहे.

मी नववीत गेलो त्या उन्हाळ्यात गावाने मनावर घेतले. ग्रामपंचायतीचा ठराव झाला, घरटी एक माणूस श्रमदानाला आला, सिमेंट सरकारातून मिळाले आणि ओढ्यावर फरशी पडली. मग रस्त्याची पाहणी झाली. गाडी देवळापुढे वळते की नाही, हे बघायला मोकळी गाडी आणली होती. वळताना तिचे मागचे चाक पाराला घासले. गावाने त्याच संध्याकाळी पाराचा तो कोपरा काढून टाकला. जीर्णोद्धारात पाराचे दगड बदलताना बाहेरगावच्या गवंड्याने विचारले, "हा एकच कोपरा गोल का?" त्याचे उत्तर हे आहे. तो कोपरा समितीने गोलच ठेवला, ही फार चांगली गोष्ट केली.

पहिली गाडी आली तेव्हा बायकांनी तिला ओवाळले, चाकाखाली नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरांना टोपी-उपरणे दिले. पुढे गाडी मुक्कामी झाली. मुक्कामी गाडीचे महत्त्व शहरातल्या मंडळींना सांगितले पाहिजे. डेपो तालुक्याला. सकाळी तेथून निघून गाडी आपल्याकडे येईपर्यंत उन्हे वर येतात. मुलांना लवकर न्यायचे तर गाडी रात्री गावातच झोपली पाहिजे. आणि गाडी झोपली, म्हणजे तिच्याबरोबर दोन माणसेही झोपणार. ती झोपत ह्या ओवरीत. गावाने त्यांच्या भाकरीचे वार लावून घेतले होते. आमच्याकडे बुधवार असे. जेवण घेऊन मी यायचो तेव्हा कंडक्टर कंदिलाशेजारी पैशांचा हिशेब लावीत बसलेले असत. नाण्यांचे ढीग करावेत, कागदावर आकडे मांडावेत, एक पैसा चुकला तर पहिल्यापासून मोजावे. मला वाटते, कारकुनीचा पहिला धडा मी तेथेच घेतला.

गाडीने माणसेच नेली असे नाही. टपालाची थैली गाडीने आली. वर्तमानपत्र गाडीने आले. जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांचे डबे गाडीने गेले. सबंध महाराष्ट्रात ही चाल होती. आई फडक्यात डबा बांधी, चिठ्ठीवर नाव घाली आणि ड्रायव्हरच्या हाती देई. त्याची पावती नाही, नोंद नाही. तरी डबा पोचे. आपल्या गावातले जे दोन डॉक्टर आज देणगीदारांच्या यादीत आहेत, त्यांनी असे डबे किती खाल्ले, हे त्यांनीच मोजावे.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो, तिकडे येतो.

१९९६ साली मी एस. एस. सी. झालो. त्याच साली राज्यात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांच्या नावाने योजना सुरू झाली. ग्रामीण भागातल्या पाचवी ते दहावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एस. टी. चा पास मोफत. पुढे ती सवलत बारावीपर्यंत वाढली. इतर विद्यार्थ्यांनाही पासात मोठी सवलत आहे. तिकिटाच्या तीन भागांपैकी एक भागच त्यांना द्यावा लागतो. आमची धाकटी बहीण त्या वर्षी आठवीला होती. वडिलांनी काही विचारले नाही. गाडी देवळापुढे उभी होती, पास फुकट होता आणि बरोबर गावातल्या आणखी पाच मुली होत्या. धाकटी आज अंगणवाडीत सेविका आहे. एकाच आईच्या दोन मुली. एकीचे शिक्षण सातवीला सुटले, दुसरीचे बारावीपर्यंत झाले. दोघींच्या बुद्धीत फरक नव्हता. मधे एक फरशी आणि एक पास, एवढाच फरक.

पुढे सरकारने हे आणखी वाढवले. २०११ नंतर मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांना मुलींच्या शाळेसाठी प्रत्येकी पाच निळ्या गाड्या दिल्या. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून आला. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. परंतु हा कायदा आठवीपर्यंतच. नववी-दहावीच्या मुलीला कायद्याचे अंतर नाही. तिला गाडीच आहे. आणि आपल्याकडे मुलीची शाळा सुटते, ती नेमकी ह्याच वयात.

गाडी नसली म्हणजे काय होते, हे आपण अलीकडे दोनदा पाहिले. मार्च २०२० मध्ये करोनाने गाड्या थांबल्या. पुन्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या आणि महिना होतो न होतो तोच संप झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. यात मी कोणाला दोष देत नाही. रोग कोणाच्या हातचा नव्हता आणि संप करणाऱ्यांचीही घरे होती. मी फक्त आपल्या गावात पाहिलेले सांगतो. त्या महिन्यांत मुलगे मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून गेले. मुली घरी राहिल्या. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा दोघी मुली ओवरीत परत आल्याच नाहीत. त्यांची लग्ने झाली होती.

आता ओवरीचे. जीर्णोद्धाराच्या बैठकीत ठराव झाला की, ओवरीला लोखंडी जाळी बसवून कुलूप लावावे. कारणे खरी होती. नवी फरशी बसणार, शेळ्या-कुत्री आत येतात, कोणी पान खाऊन थुंकतात, दुपारी पत्त्यांचा डाव पडतो. एका उदार देणगीदाराने जाळीचा सगळा खर्च देऊ केला. ठराव एकमताने झाला. तो लिहिला मी. चांगल्या अक्षरात लिहिला आणि खाली सहीही केली.

पुढे पावसाळ्यात फरशीचे काम सुरू झाले, म्हणून ओवरी बांबू आडवे लावून बंद केली होती. एका सकाळी साडेनऊच्या गाडीच्या वेळी मी घरून निघालो. पाऊस कोसळत होता. सगळ्या मुली देवळाच्या भिंतीला पाठ लावून एका रांगेत उभ्या होत्या. दप्तरे पोटाशी, वरून ओढण्या. पिंपळ गळत होता. पाठीमागे एवढे मोठे कोरडे छत, आणि ह्या पोरी त्याच्या बाहेर. गाडी आली, त्या तशाच चढल्या आणि दिवसभर ओल्या कपड्यांत वर्गात बसल्या. त्यांत माझी मुलगी होती. ती नसती तर कदाचित मला हे दिसलेही नसते, हे मी कबूल करतो.

त्या रात्री मी इतिवृत्ताची वही काढून माझा ठराव पुन्हा वाचला. ठरावात शेळ्यांचा उल्लेख होता, कुत्र्यांचा होता, पानाच्या पिचकाऱ्यांचा होता. मुलींचा नव्हता.

मंडळी, ज्या अहिल्यादेवींच्या नावाने हा पास निघाला, त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात चौंडीस ३१ मे १७२५ रोजी झाला. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताना सगळ्या हिंदुस्थानात प्रथम नाव घ्यावे ते त्यांचे. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभे केले. पण त्या नुसती मंदिरे बांधून थांबल्या नाहीत. त्यांनी घाट बांधले, विहिरी-बारवा बांधल्या, धर्मशाळा बांधल्या. देवाला छप्पर आणि वाटसरूला छप्पर, ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. आपल्या ज्या पूर्वजांनी देवळाला ओवरी काढली, त्यांनीही ती देवासाठी काढली नव्हती. देव गाभाऱ्यात असतो. ओवरी येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असते. पूर्वी यात्रेकरू होते, मग ड्रायव्हर-कंडक्टर आले, आता शाळेतल्या मुली आहेत.

म्हणून माझी हात जोडून तीन विनंत्या आहेत. निर्णय ग्रामसभेचा, मी फक्त अर्ज पुढे ठेवतो.

पहिली, ओवरीला जाळी आणि कुलूप नको. देणगीदार बंधूंनी राग मानू नये. त्यांनी दिलेल्या पैशांतून तेथे दगडी बाक, दिवा, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि गाडीच्या वेळांचा फलक करावा. त्यांच्या नावाची फरशी तेथेच बसवावी. जाळीवरचे नाव गंजेल. बाकावरचे नाव रोज चाळीस पोरे वाचतील.

दुसरी, स्वच्छतेची जबाबदारी पास काढणाऱ्या मुलामुलींनी वार लावून घ्यावी. आमच्या लहानपणी भाकरीचे वार होते. आता झाडूचे असू द्या. आणि पत्त्यांचा डाव टाकणाऱ्या मोठ्या मंडळींनी शाळेच्या वेळेला जागा मोकळी करावी. नावे मी घेत नाही, सभेत सगळे हजर आहेत.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. गाडीत बसा. गाडीचे भारमान बघितले जाते. माणसे नसली की फेरीवर संकट येते. आज घरोघर मोटारसायकल आहे, इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात येते, याचे मला वाईट वाटत नाही. पण ज्या पोरीच्या घरी मोटारसायकल नाही, तिची शाळा तुमच्या आमच्या तिकिटावर चालते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. २०२४ पासून पास शाळेतच देण्याची मोहीम निघाली. आता डेपोत रांग लावायला नको. बाजारच्या दिवशी तरी प्रत्येक घरातून एकाने गाडीने जावे. आजोबांच्या वेळी रिकामी गाडीही वेळेवर निघायची. तिला आता आपण भरायची.

१ जून २०२२ रोजी त्याच पुणे-नगर रस्त्यावर पहिली विजेवरची एस. टी. धावली. काथ्याच्या बैठकीपासून विजेच्या गाडीपर्यंत मजल झाली. गाड्या बदलतील, रंग बदलतील. सकाळी साडेनऊला दप्तर घेऊन कोणीतरी वाट पाहत उभे असेल, ते बदलणार नाही.

परवा अक्का कलशासाठी आली. अर्ध्या तिकिटात आली. संध्याकाळच्या शाळेच्या गाडीने आल्यामुळे गाडी पोरींनी भरलेली होती. पारापाशी ती उतरली, पिशवी माझ्या हातात दिली आणि उभी राहून उतरणाऱ्या पोरी बघत राहिली. मग मला म्हणाली, "किती रे ह्या?"

मी म्हणालो, "आपल्या गावच्या बावीस."

"बरं झालं," ती म्हणाली आणि देवाच्या पाया पडायला आत गेली.

ती आता समोर बायकांत बसली आहे. तिच्या साक्षीने मी माझा ठराव परत घेतो आहे, अशी नोंद इतिवृत्तात व्हावी. लिहिणारा मीच आहे, तेव्हा ती होईलच. पण तिच्याखाली तुमच्या सह्या असाव्यात, एवढीच प्रार्थना.

बोलण्यात अधिक-उणे झाले असल्यास लहान तोंडी मोठा घास म्हणून पदरात घ्यावे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.